माशी आधी पोचते

विदर्भातल्या मे महिन्यात मेलेला माणूस थंड होत नाही. न्यायवैद्यकाच्या पाठ्यपुस्तकात मृत्यूची वेळ ठरवायचं एक मुख्य साधन म्हणून शरीराचं उतरत जाणारं तापमान दिलेलं असतं. पण चंद्रपूरला पारा ४५ अंशांपुढे जातो तेव्हा बाहेरची हवाच शरीराहून तापलेली असते. शरीर उतरेल कशाला? अंग लवकर ताठरतं आणि लवकर सैलही पडतं. दुसऱ्या दिवशी पोट फुगतं, कातडी सुटायला लागते, चेहरा ओळखू येत नाही. तिसऱ्या दिवसापासून डॉक्टरांच्या हाती खात्रीचं असं फारसं उरत नाही. 'मृत्यू अंदाजे दोन ते सात दिवसांपूर्वी' असं लिहिलेले शवविच्छेदन अहवाल मी पुष्कळ वाचले आहेत. त्यात डॉक्टरांचा दोष नाही. पण दोन आणि सात या आकड्यांच्या मधल्या जागेत एखाद्याची जन्मठेपही मावते आणि सुटकाही.

तिथून पुढे माझं काम सुरू होतं. मी डॉक्टर नव्हे आणि पोलीसही नव्हे. प्राणीशास्त्रात एमएस्सी केलं, पीएचडीला मांसावर वाढणाऱ्या माश्या घेतल्या, आणि त्या माश्यांमुळेच एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या न्यायवैद्यक विभागाशी जोडली गेले. प्रेतावरच्या किड्यांवरून मृत्यूला किती काळ लोटला ते सांगायचं, एवढंच माझं काम. इथे ज्या प्रकरणांविषयी लिहिते आहे त्यांतली गावं आणि नाती ओळखू येऊ नयेत म्हणून बदलली आहेत.

घटनास्थळी गेलं की एखादा नवा हवालदार हमखास विचारतो, "मॅडम, खून कोणी केला ते किडे सांगतात का जी?" नाही सांगत. माशीला मारेकरी माहीत नसतो. माशी फक्त अंडी घालायला येते. पण ती इतकी लवकर येते, आणि तिची पिल्लं इतक्या ठरलेल्या चालीने वाढतात, की त्या चालीवरून मागे मोजत गेलं तर ती कधी आली ते काढता येतं. त्या आधीच कधीतरी तो माणूस मेलेला असतो. माझ्या सगळ्या शास्त्राचा पाया एवढाच आहे.

उघड्यावर पडलेल्या देहावर दिवसाउजेडी, उबदार हवेत, माशी काही मिनिटांतही येऊन बसते. आपल्या नाकाला काही जाणवायच्या कितीतरी आधी. आपल्याकडे बहुतेकदा ती क्रायसोमाया मेगासेफाला असते : मटणाच्या आणि मासळीच्या दुकानात दिसते ती निळ्या-हिरव्या झळाळीची, मोठ्या लाल डोळ्यांची माशी. ती ओलावा आणि आडोसा बघून अंडी घालते. डोळ्यांचे कोपरे, नाकपुड्या, तोंड, आणि जखम असेल तर जखम. एकेका माशीची दोनशेच्या आसपास अंडी. राखाडी, पट्टेरी सार्कोफॅगा तर अंडी घालतच नाही, थेट जिवंत अळ्या सोडते. आपल्या उन्हाळ्यात अंडी एका दिवसाच्या आत फुटतात. अळी डोकं मांसात खुपसून खात राहते, म्हणून तिची श्वासाची छिद्रं मागच्या टोकाला असतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या छिद्रांमधल्या फटी मोजायच्या. दोन फटी म्हणजे दुसरी अवस्था, तीन म्हणजे तिसरी. पोटभर खाऊन झालं की अळी देह सोडून चालू लागते, मातीत शिरते आणि तिची कातडीच आकसून कोष होते. ताजा कोष पांढुरका असतो, मग तांबूस होतो आणि एका दिवसाच्या आत गडद तपकिरी. सरासरी तापमान तिशीच्या जवळपास असलं तर अंड्यापासून नव्या माशीपर्यंतचा सगळा प्रवास साधारण दहा दिवसांत उरकतो.

हे दहा दिवस पक्के नसतात, आणि खरं काम तिथेच आहे. कीटकाला स्वतःची ऊब नसते. बाहेर जेवढी ऊब, तेवढ्या वेगाने तो वाढतो. ढोबळमानाने १० अंशांखाली या माश्यांची वाढ थांबते असं धरलं, तर ३० अंशांवर प्रत्येक तास २० गुण देतो आणि २० अंशांवर फक्त १०. समजा एखाद्या अवस्थेला पोचायला २००० गुण लागतात. उन्हाळ्यात ते १०० तासांत जमतात, थंडीत त्यालाच २०० तास लागतात. म्हणून माझ्या वहीत अळीच्या आधी तापमान येतं. हवेचं, मातीचं, देहाखालच्या जमिनीचं, आणि अळ्यांच्या घोळक्याच्या आतलं. हजारो अळ्या एकत्र खात असतात तेव्हा त्यांच्या वळवळीने आणि पचनाने घोळका बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी अंश जास्त तापतो. हातमोज्यातूनही ती धग कळते. ही धग हिशेबात घेतली नाही तर अळ्यांचं वय चुकीचं निघतं.

हवामान खात्याचं केंद्र घटनास्थळापासून बरंच लांब असू शकतं. तिथला पारा आणि नाल्यातल्या झुडपाखालचा पारा एक नसतो. म्हणून देह हलवल्यावरही मी तिथे तापमान नोंदवणारं यंत्र काही दिवस बांधून ठेवते. त्याची नोंद केंद्राच्या नोंदीशी ताडून पाहिली की मागच्या दिवसांत त्या जागी किती ऊब होती याचा अंदाज बसतो. पोलिसांना याचं नवल वाटतं. प्रेत गेलं, पंचनामा झाला, आता मॅडम रिकाम्या जागेचा ताप काय मोजताहेत!

किड्यांवरून तपास करायचा हा विचार काही आजचा नाही. चीनमध्ये सोंग त्झ या न्यायाधिकाऱ्याने १२४७ साली मृत्यूच्या तपासावर एक ग्रंथ लिहिला. त्यात एका खेड्यातला खून आहे. जखमा विळ्याच्या होत्या. तपास अधिकाऱ्याने गावातले सगळे विळे आणून उन्हात मांडायला लावले. सत्तर-ऐंशी विळे होते. दिसायला सगळे स्वच्छ, पण माश्या येऊन बसल्या त्या एकाच विळ्यावर. विळ्याच्या मालकाने गुन्हा कबूल केला. पुढे १६६८ साली इटलीतल्या फ्रान्चेस्को रेडीने मांस उघडं आणि झाकून ठेवून दाखवून दिलं की अळ्या मांसातून आपोआप उपजत नाहीत, माशी आली तरच होतात. आणि १८९४ साली फ्रान्सच्या झाँ पियेर मेन्याँने प्रेतावर कोणते कीटक कोणत्या क्रमाने येतात याचं पुस्तकच काढलं.

पण विद्यार्थ्यांना मी सांगते ती रक्स्टनची केस. एक तर तिचा धागा मुंबईपर्यंत येतो, आणि दुसरं म्हणजे किड्यांचं नेमकं स्थान तिच्यात दिसतं. डॉ. बक रक्स्टन हा मूळचा मुंबईचा पारशी, बख्तियार रुस्तमजी हकीम. मुंबई विद्यापीठातून डॉक्टर झाला, इंग्लंडला गेला आणि लँकेस्टर गावात दवाखाना थाटला. १९३५ च्या सप्टेंबरात त्याची जोडीदार इझाबेला आणि घरातली मुलं सांभाळणारी मेरी रॉजरसन दोघी नाहीशा झाल्या. २९ सप्टेंबरला शंभराहून अधिक मैलांवर, स्कॉटलंडमधल्या मॉफट गावाजवळ एका ओढ्यात माणसाच्या अवयवांची गाठोडी सापडली. कापणारा जाणकार होता. ओळख पटेल असं बरंच काही त्याने काढून टाकलं होतं. पण गाठोडी बांधलेल्या कागदांत १५ सप्टेंबरच्या 'संडे ग्राफिक'ची एक खास आवृत्ती निघाली, आणि ती लँकेस्टरच्या परिसरातच विकली गेली होती. जॉन ग्लेस्टर आणि जेम्स ब्रॅश यांनी कवटीच्या छायाचित्रावर इझाबेलाचा फोटो बसवून ओळख पटवली. अवयवांवरच्या अळ्या ग्लासगो विद्यापीठाच्या डॉ. अलेक्झांडर मर्न्स यांच्याकडे गेल्या. त्यांनी त्यांचं वय १२ ते १४ दिवस सांगितलं. म्हणजे गाठोडी सप्टेंबरच्या मध्यालाच तिथे आली होती. १२ मे १९३६ रोजी मँचेस्टरच्या तुरुंगात रक्स्टनला फाशी झाली. त्या अळ्या अजून लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये जपून ठेवलेल्या आहेत.

नुसत्या अळ्यांनी रक्स्टन फासावर गेला नसता. वर्तमानपत्राने जागा सांगितली, छायाचित्राने नाव सांगितलं, अळ्यांनी वेळ सांगितली. तिन्ही एकमेकांशी जुळले. किड्यांच्या पुराव्याकडे मी असंच बघते. त्याला एकट्याला उभं करायचं नाही, आणि त्याला सोबत मिळाली तर त्याचं वजन कमीही लेखायचं नाही.

प्रत्यक्षात सगळ्यात मोठी अडचण असते ती पुरावा माझ्यापर्यंत येण्याची. प्रेत शवागारात आलं की ते धुवायचं ही जुनी रीत. ज्यांना रोज ते काम करावं लागतं त्यांच्या बाजूने पाहिलं तर ते स्वाभाविकच आहे. अळ्या वळवळताहेत, वास सोसवत नाही, नातेवाईक बाहेर रडताहेत. फिनेल ओतलं जातं, पाण्याचा पाइप सोडला जातो आणि मोरीतून सगळा पुरावा वाहून जातो. आमच्या शवागारातले मामा वयाने मोठे, या कामात जन्म गेलेला. सुरुवातीला ते म्हणाले होते, "मॅडम, हे किडे काहून गोळा करता जी? मेलेल्याची आणखी विटंबना." मी त्यांना प्रयोगशाळेत नेलं, बरणीतल्या अळ्या दाखवल्या, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितला. किती तरी वेळ ते बघत राहिले. त्या दिवसापासून मी येईपर्यंत पाइपाला हात लावायचा नाही असा नियम त्यांनीच घातला, आणि डॉक्टरांनाही तो पाळायला लावला.

अळ्या घेताना दोन वाटे करायचे. अर्ध्या अळ्या गरम पाण्यात टाकून मारायच्या म्हणजे त्या आकसत नाहीत आणि लांबी बरोबर मोजता येते. मग ८० टक्के अल्कोहोलमध्ये. उरलेल्या अर्ध्या जिवंत ठेवायच्या. कित्येक जातींच्या अळ्या एकमेकींपासून वेगळ्या ओळखणं फार अवघड असतं. माशी होऊन बाहेर पडली की जात नक्की होते. त्यासाठी बरणीत लाकडाचा भुसा, वर बकऱ्याची कलेजी, तोंडाला मलमलचं फडकं. लेबल पेन्सिलनेच लिहायचं, कारण शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि मग बरणी कुठली आणि प्रकरण कुठलं हे न्यायालयात कोणी शपथेवर सांगू शकत नाही. प्रेत शीतकपाटात किती तास होतं तेही लिहायचं, कारण थंडीत अळ्यांची वाढ मंदावते.

एक प्रकरण सांगते. तेंदूपत्त्याचा हंगाम होता. पानं तोडायला पहाटे जंगलात शिरलेल्या बायांना कोरड्या नाल्यात एक देह दिसला. मी पोचले तेव्हा चेहऱ्याचं हाड उघडं पडलं होतं, हातांचीही तीच गत. कपडे शाबूत. अशी अवस्था पाहून पोलिसांनी तीन आठवडे तरी झाले असावेत असं धरलं, आणि बेपत्ता नोंदींमध्ये तीन आठवड्यांपूर्वीचीच एक नोंद होती. शेजारच्या तालुक्यातला तरुण मुलगा. त्याच्या वडिलांना बोलावलं होतं. ते लांब एका पळसाखाली बसले होते. चौकड्याचा शर्ट दाखवल्यावर त्यांनी मान डोलावली. तसे शर्ट दर आठवडी बाजारात मिळतात. पण तीन आठवडे वाट बघून थकलेला बाप 'हा नाही' असं कशाच्या जोरावर म्हणेल?

देह उचलल्यावर मी खालच्या मातीत बसले. पाठीखाली, कपड्यांच्या सावलीत तिसऱ्या अवस्थेतल्या अळ्यांचा घोळका होता. मे महिन्यातलं भर दुपारचं ऊन त्यांनाही सोसत नाही, त्या आडोशालाच राहतात. माती चाळली. भोवतालची चाळली, झाडांच्या मुळांशी चाळली. कोष सापडत होते. काही पांढुरके, काही तांबूस, बरेचसे गडद तपकिरी. एकही फुटलेला नव्हता. सुक्या कातडीवर वाढणाऱ्या डर्मेस्टिस भुंगेऱ्याची एकही अळी नव्हती. कोकणात सुक्या बोंबलाला लागतो तोच भुंगेरा. ओलावा संपल्याशिवाय तो प्रेतावर संसार मांडत नाही.

देह तीन आठवडे तिथे असता तर पहिल्या खेपेच्या माश्या केव्हाच उडून गेल्या असत्या आणि मातीत फुटक्या कोषांचा खच पडला असता. रिकामा कोष अळीसारखा कुजत नाही, तो वर्षानुवर्षं टिकतो. एखादी गोष्ट सापडली नाही हा पुरावा फार जपून वापरावा लागतो. आपण नीट शोधलं का, हा प्रश्न त्याच्या मागे उभाच असतो. म्हणून मी दुसऱ्या दिवशी उजाडताच पुन्हा जाऊन माती चाळली. फुटका कोष नव्हताच. तापमानाचा हिशेब मांडला, कलेजीवर वाढवलेल्या अळ्यांच्या माश्या झाल्या, जात नक्की झाली. माझं उत्तर होतं : माश्या येऊन किमान पाच दिवस झालेत, आणि सात-आठ दिवसांच्या फार मागे जाता येणार नाही.

मग इतकं हाड उघडं कसं? ते अळ्यांचंच काम. उन्हाळ्यात, उघड्यावर, हजारो अळ्यांना एक चेहरा आठवडाभरही पुरत नाही. इंग्लंडमध्ये ब्रॅकनेलजवळच्या रानात १९६४ साली असाच देह सापडला होता. पोलिसांना वाटलं सहा ते आठ आठवडे झाले असावेत. डॉ. कीथ सिम्पसन यांनी अळ्या पाहून नऊ-दहा दिवस, फार तर बारा, असं सांगितलं होतं, आणि तपासातून तेच खरं ठरलं.

डीएनएचा निकाल आला. तो देह या बापाच्या मुलाचा नव्हता. आठवडाभराची खिडकी धरून पोलिसांनी नोंदी पुन्हा चाळल्या तेव्हा दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका मजुराचं नाव वर आलं. मजुरीचे पैसे घेऊन गावी निघाला होता. कवटीला मागून मार होता. पुढचा तपास पोलिसांनी केला, चांगला केला. माझ्या मनात मात्र तो पळसाखालचा बाप घर करून आहे. त्याला त्याच्या मुलाची काहीच बातमी आम्ही देऊ शकलो नाही. पण परक्याच्या देहाला अग्नी देऊन तो शोध थांबवणार होता, ते टळलं. किड्यांची ओळख लोकांना 'खून उघडकीला आणणारे' अशी असते. माझ्या अनुभवात त्यांनी आरोपी मिळवून देण्यापेक्षा मृताला नाव मिळवून देण्याचं काम जास्त केलं आहे. बेवारस म्हणून नोंदलेल्या माणसाच्या खुनाचा तपास उभाच राहत नाही. कोण ते कळलं, तर कोणाबरोबर होता हे विचारता येतं.

काही किडे पुरावा खाऊनही टाकतात. मेगासेफालाच्या मागून क्रायसोमाया रुफिफेसिस येते. तिच्या अळीच्या अंगावर काटेरी उंचवटे असतात, आणि ती दुसऱ्या जातींच्या अळ्या फस्त करते. वरवर गोळा केलं तर नुसत्या तिच्याच अळ्या हाती लागतात, त्या उशिरा आलेल्या, आणि मृत्यू खरा घडला त्यानंतरचा वाटायला लागतो. म्हणून मातीतले कोष. पोलिसांशी बोलताना मी 'माती' हा शब्द इतक्यांदा उच्चारते त्याचं कारण हेच.

विदर्भात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. 'औषध प्यायला' हे वाक्य इथल्या ठाण्यांत वारंवार ऐकू येतं. शेतातलं कीटकनाशक पोटात असलेल्या देहावर अळ्या उशिरा धरू शकतात, हळू वाढू शकतात. होनोलुलूतल्या अशाच एका मृत्यूवरचा निबंध १९८९ साली प्रसिद्ध झाला. मॅलॅथिऑन प्यायलेल्या माणसाच्या देहावर सापडलेल्या अळ्यांच्या शरीरात ते विष मिळालं होतं. माश्या आपल्या ओळखीच्याच, मेगासेफाला आणि रुफिफेसिस. त्याच सुमाराला ली गॉफ यांनी कोकेनमुळे काही अळ्या उलट भराभर वाढतात असं दाखवलं. म्हणजे व्हिसेरा कुजून गेला असला तरी अळ्यांच्या पोटात विषाचा माग राहू शकतो. आणि विषाचा संशय असेल तर वयाचा नेहमीचा हिशेब डोळे मिटून लावता येत नाही.

मन सुन्न करणारं प्रकरण मात्र खुनाचं नव्हतं. एक म्हातारी बाई घरात मेली. अंगावर अळ्या होत्या, दुसऱ्या अवस्थेतल्या, काही तिसऱ्या. शेजाऱ्यांची तक्रार अशी की मरण दोन-तीन दिवस लपवून ठेवलं, काहीतरी काळंबेरं आहे. मुलगा आणि सून कोठडीच्या दारात. मी देह पाहिला. डोळे स्वच्छ, नाकपुड्या स्वच्छ, तोंडात एकही अंडं नाही. सगळ्या अळ्या कमरेखालच्या खोल जखमेत. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पडते तशी जखम. मेलेल्या माणसाला माशी आधी डोळ्यानाकाशी गाठते. इथे ती जिवंतपणीच जखमेत शिरली होती. अळ्यांचं वय मृत्यूचं वय नव्हतं, हेळसांडीचं होतं.

मी तसं लिहिलं. खून नाही, लपवाछपवी नाही, पण या बाईच्या जखमेकडे किमान दोन दिवस कोणी पाहिलेलं नाही. सून माझ्यासमोर बसून म्हणाली, "ताई, आम्ही दोघं पहाटे कामाला जातो, रातच्याला येतो. मला एकटीला कूस बदलवता येत नव्हती त्यांची." तिचा मला राग आला नाही. ज्या गावात अंथरुणावरच्या म्हाताऱ्या माणसाची जखम धुवायला येणारं कोणी नाही, त्या गावाविषयी माझ्या अहवालात रकाना नव्हता. पण अळ्या केवळ मेलेल्यांविषयी बोलत नाहीत हे तेव्हापासून मी प्रत्येक वर्गात सांगते, आणि जिवंतपणीच्या जखमा आधी तपासा असंही.

न्यायालयात पाच-सात दिवसांचा पल्ला कोणालाच नको असतो. सुनावणीच्या आधी सरकारी वकील फोन करतात, "मॅडम, एक तारीख टाका ना. केस मजबूत होईल." बचावाच्या वकिलांना तो पल्ला आणखी रुंद करून हवा असतो. तज्ज्ञाचं मत पूर्वी भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ४५ खाली यायचं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ३९ खाली येतं. कलम बदललं तरी पिंजऱ्यात उभं राहून उत्तर देणं तेच आहे.

नाल्यातल्या त्या मजुराच्या खटल्यात उलटतपासणी बराच वेळ चालली.

"तुम्ही किमान पाच दिवस म्हणता. म्हणजे सहा असू शकतात?"

"हो."

"सात?"

"हो."

"वीस?"

"नाही. वीस दिवस झाले असते तर फुटलेले कोष मिळाले असते."

"माशी रात्री अंडी घालते का?"

"सहसा नाही. क्वचित घातल्याच्या नोंदी आहेत."

"मग मृत्यू रात्री झाला की दिवसा, हे तुम्ही सांगू शकत नाही?"

"नाही सांगू शकत. रात्री झाला असेल तर माशी बहुधा सकाळी आली असेल, आणि मृत्यू माझ्या हिशेबाच्या काही तास आधीचा असेल."

वकील समाधानाने खाली बसले. माझं म्हणणं फिकं पडलं असं त्यांना वाटलं असावं. न्यायाधीशांनी मात्र ते उत्तर पूर्ण लिहून घेतलं. माझ्या मते आमच्या कामाची लायकी अशा 'नाही सांगू शकत'वरच ठरते. देह चादरीत गुंडाळला असेल, बंद खोलीत असेल, पुरला असेल, दोन दिवस झडीचा पाऊस असेल, तर माशी उशिरा पोचते. तो उशीर अळीच्या वयात दिसत नाही. मी सांगते तो काळ माशी आल्यापासूनचा. मृत्यू त्याच्या मागे. एक तारीख देऊन केस मजबूत करणारा तज्ज्ञ एखाद दिवशी निरपराध माणसाला आत पाठवेल, आणि मग कोणत्याही न्यायाधीशाने अळ्यांवर विश्वास ठेवू नये.

आपल्याकडे या शास्त्राला अजून खूप चालायचं आहे. पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठात मीनाक्षी भारती आणि देविंदर सिंग यांनी सशांच्या मृत शरीरांवर कोणते कीटक कधी येतात याचा ऋतूंनुसार अभ्यास केला, तो २००३ साली प्रसिद्ध झाला. पण पंजाबची थंडी आणि कोकणचा जुलै यांत साम्य ते काय? अमेरिकेत टेनेसी विद्यापीठात विल्यम बास यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दान मिळालेल्या मानवी देहांवर अशा अभ्यासाची जागा उभी केली. आम्ही धनगरांकडून मेलेली शेळी आणतो, जाळीच्या पिंजऱ्यात ठेवतो आणि दिवसातून तीनदा नोंदी घेतो. विदर्भाच्या उन्हाचं कोष्टक बरंचसं तयार झालं आहे. कोकणच्या पावसाचं, महाबळेश्वरच्या गारठ्याचं, मुंबईच्या बंद खोल्यांचं व्हायला हवं, आणि ते त्या त्या ठिकाणच्या मुलामुलींनी करायला हवं. प्राणीशास्त्र घेतलेले किती तरी विद्यार्थी पुढे काय करायचं म्हणून विचारत असतात. मी त्यांना हे काम दाखवते.

नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात घटनास्थळी न्यायवैज्ञानिक तज्ज्ञ जाणं बंधनकारक केलं, टप्प्याटप्प्याने ते अमलात यायचं आहे. तोवर घटनास्थळी आधी पोचणार तो ठाण्याचा हवालदारच. म्हणून आम्ही जवळच्या ठाण्यांना एकेक पेटी करून दिली आहे : चिमटा, रंगाचा मऊ ब्रश, भोकं पाडलेल्या झाकणाच्या बरण्या, अल्कोहोलची बाटली, तापमापक, चाळणी, कोरी लेबलं आणि पेन्सिल. झाकणाच्या आतल्या बाजूला मराठीत सूचना चिकटवलेल्या. परवा एका महिला कॉन्स्टेबलचा फोन आला. विहिरीजवळच्या बांधावर देह होता, डॉक्टर यायचे होते.

"मॅडम, अळ्या दोन बरण्यांत घेतल्या. तापमान लिहिलं. माती पण घेऊ का?"

"घ्या. देहाखालची वीतभर खोल, आणि चारी बाजूंना दोन-तीन पावलांवरची. प्रत्येकीची पिशवी वेगळी."

"आणि बांधाच्या कडेला दगडाखाली तपकिरी काहीतरी दिसतंय, बियांसारखं."

"हात लावू नका. आधी फोटो काढा, दगड कुठे होता ते लिहा, मग चिमट्याने उचला. एखादं फुटलेलं आहे का ते बघा, मी निघालेच."